दहाच्या आत गॅस बंद

मे महिन्यात शाळा बंद असतात, ऑफिसातली बरीचशी माणसं रजेवर असतात आणि घरातला गॅस मात्र एरवीपेक्षा जास्त वेळ जळत असतो. मुलं दिवसभर घरी, म्हणजे दर दोन तासांनी कुणाला तरी भूक लागलेली. भाचरं राहायला आलेली, म्हणजे नाश्त्याला दोन प्रकार. आंब्याची पेटी आली, म्हणजे रस-पोळी आलीच, आणि तिच्या मागोमाग बटाट्याची भाजी, कुरडई, पापड, कोशिंबीर. हे सगळं होतं कुठे, तर बाहेर पारा चाळिशीच्या आसपास असताना घरातल्या सगळ्यात गरम खोलीत. सुट्टी आहे म्हणून स्वयंपाक वाढलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? माझ्या मते मे महिन्यात एकच नियम पाळावा: सकाळी दहाच्या आत गॅस बंद, आणि संध्याकाळी तो पेटलाच तर फोडणीपुरता. कुठले पदार्थ करायचे, काय आधी करून ठेवायचं, मुलांकडे काय सोपवायचं, हे सगळं मग त्या नियमाच्या मागे येतं.

यासाठी सकाळचा एकच कुकर नीट लावता आला पाहिजे. पाच लिटरच्या कुकरमध्ये खालच्या डब्यात तूरडाळ, वर तांदूळ, आणि कडेच्या जागेत किंवा वरच्या ताटलीत दोन-तीन बटाटे किंवा पन्ह्यासाठी कैऱ्या. डाळ अर्धा तास आधी भिजत घातली, तर ती भाताबरोबरच शिजते, वेगळा कुकर लावावा लागत नाही. एक वाटी डाळीला अडीच ते तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, दोन थेंब तेल. तांदळाला दुप्पट पाणी, जुना असेल तर थोडं जास्त. शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच मिनिटं ठेवा आणि बंद करा. उरलेलं काम आतली वाफ करते. वाफ जिरायच्या आत शिटी उचलायची घाई करू नका. डाळ कच्ची राहते आणि हातही भाजतो.

त्या एका डाळीतून दोन दिवसांची सोय होते, मात्र ती घट्ट शिजवून वेगळी ठेवायला हवी. दुपारी साधं वरण, मीठ-गूळ-हिंग घालून, वर तूप-लिंबू. उरलेली घट्ट डाळ लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून आमटी होते. किंवा तीच आमटी जरा पातळ करून तिच्यात कणकेच्या कापण्या सोडल्या की वरणफळं. काही घरांत त्यांनाच चकोल्या म्हणतात. सुट्टीत मुलांच्या पंगतीला याच्यासारखा पदार्थ नाही: भाजी, पोळी, आमटी सगळं एकाच पातेल्यात. ओलं खोबरं घातलेली आमटी मात्र उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकेल असं धरू नका. नारळ असलेला पदार्थ सगळ्यात आधी आंबतो, तेव्हा नारळ पानात वाढताना वरून घाला.

शिळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपली सवय आणि मे महिना यांचं पटत नाही. रात्रीचा भात पातेल्यातच ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी त्याला कांदा-शेंगदाण्याची फोडणी द्यायची, ही पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. थंडीत ती बहुतेक वेळा निभावून जाते. उन्हाळ्यात नाही. तांदळात काही जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून ‘फोडणी कडक दिली आहे, काही होत नाही’ हा युक्तिवाद खोटा आहे. फोडणीचा भात सोडायची गरज नाही; भात ठेवायची पद्धत बदला. जेवणं उरकली की उरलेला भात परातीत पसरून लवकर निवू द्या आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तिथून काढून थेट कढईत. दिवसभर बाहेर राहिलेला भात, वास येत नसला तरी, टाकून द्यावा. टाकायला जीव जातो हे मान्य, पण मग भात मोजून लावावा.

हाच न्याय दुधाला, रसाला आणि उसळींना. भिजवलेली कडधान्यं मे महिन्यात अर्ध्या वेळात मोड काढतात आणि तितक्याच वेगाने आंबूस होतात. फडक्यातून काढून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चालतात. दह्याचं गणितही उन्हाळ्यात बदलतं. संध्याकाळी लावलेलं दही सकाळी आंबट होतं, कारण या दिवसांत ते चार-पाच तासांत लागतं. त्यामुळे रात्री झोपताना लावा, दूध जेमतेम कोमट ठेवा, विरजण नेहमीपेक्षा कमी घाला आणि सकाळी उठल्या उठल्या फ्रिजमध्ये सरकवा.

आता संध्याकाळ. गॅस न पेटवता घरातल्या पाच-सहा जणांचं पोट भरेल असं काय करता येतं? आपल्या पदार्थांत याची पुष्कळ उत्तरं आहेत, फक्त आपण त्यांना ‘जेवण’ म्हणत नाही. दडपे पोहेच घ्या. दोन-तीन माणसांसाठी तीन वाट्या पातळ पोहे, अर्धी-पाऊण वाटी ओलं खोबरं, एक बारीक चिरलेला कांदा, अर्धी कैरी किसून, काकडी असेल तर कोचवून, भरपूर कोथिंबीर, मीठ, साखर. सगळं हाताने कालवायचं, नारळाचं पाणी किंवा थोडं ताक शिंपडायचं आणि वर झाकण दडपून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे आणि सांडगी मिरची यांची फोडणी, एवढाच काय तो गॅस. कांदा-कैरी पोह्यांना ओलावा देतात. पाणी जास्त झालं तर पोह्यांचा लगदा होतो, म्हणून शिंपडताना हात आखडता ठेवा.

दुसरा पदार्थ ताकभात किंवा दहीभात. सकाळच्या भातात, तो निवल्यावर, थोडं दूध आणि चमचाभर दही कालवून ठेवलं तर खाईपर्यंत तो आंबट होत नाही; नुसतं दही कालवलं तर होतो. संध्याकाळपर्यंत हाही फ्रिजमध्येच. तिसरा पदार्थ आंबेडाळ: तीन-चार तास भिजवलेली हरभरा डाळ पाणी निथळून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, मीठ, साखर, हिरवी मिरची आणि वरून फोडणी. चैत्रातल्या हळदीकुंकवाबरोबर ती एकदा करून विसरून जायची पद्धत आहे, त्याचं मला नेहमी नवल वाटतं. सकाळच्या पोळीबरोबर आंबेडाळ आणि ताक असलं, की रात्रीच्या जेवणात काही कमी राहत नाही. कच्ची डाळ पचायला जड, त्यामुळे लहानग्यांना आणि वयस्कर मंडळींना बेताने वाढा.

याशिवाय फडताळातल्या बरण्या आहेत. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची, जवसाची, लसणाची. सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी यातल्या तीन चटण्या करून ठेवल्या, तर महिनाभर ‘तोंडी लावायला काय’ हा प्रश्न पडत नाही. थालीपिठाची भाजणी दळून आणलेली असेल तर उत्तम. थालीपीठ मात्र गरमच हवं, म्हणून ते सकाळच्या पाळीत घ्या. पाहुणे आले तरी हीच शिस्त ठेवायला हरकत नाही. एक पदार्थ ताजा आणि मनापासून केलेला, बाकीचे बरणीतले. चार भाज्या केल्याने पाहुणचार वाढत नाही. पाहुणा बैठकीत एकटा बसतो आणि घरची बाई ओट्याशी.

पन्हं, आमरस आणि पेटी

पन्ह्याचा गर एकदा करून ठेवला की आठवडा निघतो. कुकरमध्ये शिजलेल्या कैऱ्या हाताला सोसतील इतक्या निवल्यावर सालं काढून गर पिळून घ्या. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ, कैरी किती आंबट आहे त्यावर. गर कोमट असतानाच गूळ घातला तर पटकन विरघळतो. मीठ, वेलची, आवडत असेल तर केशर. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये. पेल्याला दोन मोठे चमचे आणि माठाचं पाणी. मुलांना बाटलीतल्या रंगीत पेयांपासून दूर ठेवायचा उपदेश करण्यापेक्षा ही बरणी फ्रिजच्या समोरच्या फळीवर, त्यांच्या हाताला येईल अशी ठेवा.

आंब्याची पेटी आली की ती तशीच पलंगाखाली सरकवू नका. आंबे काढून गवतावर किंवा जुन्या वर्तमानपत्रांवर एका थरात मांडा, देठ खाली करून, आणि रोज एकदा चाळून पाहा. एक आंबा नासला की शेजारचे लवकर जातात. पिकायच्या आधी आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर तो नीट पिकत नाही, नुसता सुरकुततो. पिकल्यावर मात्र फ्रिजमध्ये दोन-चार दिवस सुखाने राहतो. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला देशात कायद्याने बंदी आहे, तरी बाहेरून एकसारखा पिवळाजर्द आणि आतून पांढरट, कडक आंबा अजून बाजारात भेटतो. नाकावर विश्वास ठेवा: देठाशी सुवास नसेल तर नुसत्या रंगाला भुलू नका. खाण्याआधी अर्धा-एक तास पाण्यात ठेवण्याची रीत चांगली आहे. देठाचा चीक धुऊन जातो आणि ओठांना खाज येत नाही. रसाला माणशी दोन मध्यम हापूस धरावेत. पायरी असेल तर रस पातळ आणि जास्त निघतो. रस वाढण्याच्या आधी काढा, आदल्या रात्री नव्हे, आणि वाढताना चिमूटभर सुंठ आणि तूप घाला.

मुलांना मदत नको, काम द्या

‘आईला जरा मदत कर’ असं सांगितलं की मूल दोन मिनिटं येऊन उभं राहतं आणि जातं, कारण मदतीला सुरुवात असते, शेवट नसतो. त्यापेक्षा पूर्ण एक काम त्याच्या नावावर करा. ताक हे खातं आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं: एक भाग दही, तीन ते चार भाग पाणी, मीठ, जिरेपूड, रवीने घुसळायचं, सगळ्यांच्या पेल्यात वाढायचं आणि रवी-पातेलं धुऊन ठेवायचं. धुऊन ठेवणं हा कामाचाच भाग, हे पहिल्या दिवशी सांगा. कोशिंबीर दुसऱ्याची. रोज माठ रिकामा करून, विसळून, ताजं पाणी भरणं तिसऱ्याचं. माठाला आतून साबण लावू देऊ नका. मातीची छिद्रं बुजतात आणि पाण्याला वास लागतो. ही कामं मुलगे आणि मुली यांना सारखीच वाटा. वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण मामेभाऊ क्रिकेटला आणि मामेबहिणी कोथिंबीर निवडायला, हे चित्र सुट्टीत अजून पुष्कळ घरांत दिसतं.

बारा वर्षांपुढच्या मुलाला, मोठं माणूस शेजारी उभं राहून, फोडणी शिकवता येते. तेल तापल्याशिवाय मोहरी नाही, मोहरी तडतडल्याशिवाय जिरं नाही, हिंगानंतर गॅस बारीक आणि मग हळद-तिखट, म्हणजे ती करपत नाहीत. आणि फोडणीच्याही आधी हे शिकवा: कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं झाकण किंवा ताट सरकवायचं आणि लांब व्हायचं. पाणी ओतलं की जळतं तेल उडून भडका होतो. सैल ओढणी, लोंबत्या बाह्या, ओट्याच्या कडेबाहेर आलेला तव्याचा दांडा, हे धोके मुलांना दाखवून द्यावे लागतात. त्यांच्या ते लक्षात येत नाहीत.

घराचं म्हणाल तर मे महिन्यात सगळं घर धुऊन काढायच्या भानगडीत पडू नका. त्याला दिवाळी आहे, आणि मे महिन्यात पाणीही नसतं. ऊन मात्र फुकट आणि भरपूर असतं, तेव्हा उन्हाची कामं करून घ्या. गाद्या-उशा गच्चीत टाका. वर्षाचे गहू आणि डाळी वाळवा. वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात भरलं तर आत घाम धरतो आणि किडे लवकर लागतात. म्हणून संध्याकाळी उन्हातून आणून रात्रभर निवू द्या, सकाळी भरा. तूरडाळीला एरंडेलाचा हात, गव्हाला सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. बोरिक पावडरीची सवय असेल तर ती मोडा, ती पोटात जाण्याची वस्तू नाही.

विदर्भ-मराठवाड्यात कूलरशिवाय मे निघत नाही. त्यात पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायलाच हवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरच्या पत्र्याला हात लावणं जिवावर बेतू शकतं. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंप, सगळं रिकामं करून घासून कोरडं करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा असं आरोग्य खातं सांगतं, त्यामागचं कारण हेच. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला हव्यात, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

घर बंद करून जाताना

गावाला आठ-दहा दिवस जायचं असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधीपासून नवी भाजी आणू नका. फ्रिज खाऊन संपवा. मग ठरवा: फ्रिज चालू ठेवायचा की बंद? मेन स्विच बंद करणार असाल तर फ्रिज पूर्ण रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं राहील असं फडकं अडकवून ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. चालू ठेवणार असाल तर एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात बुडालेलं दिसलं तर मध्ये बराच वेळ वीज गेली होती, आतलं दूध-बटर-मटार टाकून द्या.

सिलिंडरचा रेग्युलेटर नुसता बंद करू नका, काढून टोपी लावा. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरची चावी आडवी करा. गिझर, मिक्सर, टीव्ही, वायफायची डबी, सगळ्यांचे प्लग काढा. पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद करा. रिकाम्या घरात फ्लशचा पाइप निसटला तर खालच्या मजल्यावरच्यांना तुमच्या आधी कळतं. न्हाणीतल्या जाळ्यांखाली थोडं पाणी साचून राहतं, त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. उन्हाळ्यात हे पाणी आटतं. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. जाळीवर ताटली पालथी घाला, कमोडचं झाकण लावा.

कुंड्या सावलीत एकत्र ठेवा. बादलीभर पाणी कुंड्यांपेक्षा उंच ठेवून त्यातून जाड सुती दोऱ्या प्रत्येक कुंडीच्या मातीत खोवल्या, तर तुळस आठवडाभर तग धरते. बादलीचं तोंड फडक्याने घट्ट बांधा, नाहीतर डासांची सोय होईल. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या की ओल टिकते. दूधवाल्याला, पेपरवाल्याला सांगा आणि किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे द्या. सुट्टीचे फोटो परत आल्यावर टाकले तरी ते तितकेच चांगले दिसतात.

प्रवासात भात-भाजीचे डबे नकोत. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-पोळी, भाजलेले शेंगदाणे-खारीक, काकड्या, आणि पाणी दोन बाटल्या जास्तच.

परतल्यावर दार उघडलं की दिव्याच्या बटणाकडे हात जातो. तो आवरा. आधी खिडक्या उघडा आणि वास घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. कुठलाही वास आला तर बटण लावू नका आणि लागलेलं बंदही करू नका, दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर किंवा चावी बंद करून बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा: सिलिंडरच्या गळतीसाठी 1906, पाइपच्या गॅससाठी बिलावर छापलेला क्रमांक. सगळं ठीक असेल तर नळ काही मिनिटं सोडून साचलेलं पाणी जाऊ द्या. ते झाडांना चालतं. त्या रात्रीसाठी घरात मूगडाळ, तांदूळ, पापड आणि लोणचं आहे ना, हे जाण्याआधीच बघून ठेवलेलं असावं, म्हणजे प्रवासाने शिणलेल्या माणसाला खिचडीपलीकडे काही करावं लागत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पेंगुळलेल्या मुलांना गच्चीवर घेऊन जा. मोसमी पाऊस मुंबईत साधारण 11 जूनला पोहोचतो, कोकणात त्याच्या थोडा आधी. वाळत घातलेल्या कुरडया, सांडगे, मिरच्या तोवर हवाबंद डब्यांत गेलेल्या हव्यात. गच्चीवरून पाणी जाण्याच्या तोंडाशी वर्षभराचा पालापाचोळा, पतंगाचे कागद आणि हरवलेले चेंडू साठलेले असतात. ते काढून एक बादली पाणी ओता आणि पाणी खाली कुठून येतं ते दोघांनी दोन बाजूंनी पाहा. अडलेलं असेल तर प्लंबरला आत्ताच बोलवा. पहिला पाऊस पडल्यावर तो फोन उचलत नाही.